फाइल टिफ केली तरी फोटो का फाटतो? स्मरणिकेच्या फोटोंबद्दल एका प्रश्नाचं उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न मी असा समजलो: लालबागमधल्या तुमच्या चाळीच्या गणेशोत्सवाचं हे पंचाहत्तरावं वर्ष. त्यानिमित्त ६४ पानांची स्मरणिका काढायची आहे. जुनी बिऱ्हाडं आता डोंबिवली, विरार, बदलापूरपर्यंत पांगली आहेत, म्हणून चारशेएक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवले. प्रेसवाल्यांनी ‘३०० डीपीआय टिफ द्या’ असं सांगितल्यावर तुम्ही रात्र जागून सगळ्या जेपेग टिफमध्ये बदलल्या. शंभर एमबीचं फोल्डर सव्वादोन जीबीचं झालं आणि तरीही निरोप आला, ‘फोटो फाटतायत’, म्हणजे मोठे केल्यावर धूसर आणि दातेरी दिसतायत. शिवाय आयफोनवाल्यांनी ड्राइव्हवर टाकलेल्या चाळीसएक एचईआयसी फाइली तुमच्या विंडोजवर उघडत नाहीत. आणि तुम्ही विचारलंय, चांगलं कन्व्हर्टर कोणतं?

कन्व्हर्टरचं नाव पुढे सांगतो, पण तुमची अडचण कन्व्हर्टरची नाही. मी १९९८ पासून गिरगावात डीटीपी आणि स्कॅनिंगचं काम करतो, मधली बारा वर्षं एका ऑफसेट प्रेसच्या प्रीप्रेसमध्ये, म्हणजे छपाईआधीची तयारी करणाऱ्या विभागात होतो. स्मरणिका, लग्नपत्रिका, कॅलेंडरं, श्रद्धांजलीची पानं, सगळीकडे हाच गैरसमज भेटतो: फाइलचा फॉरमॅट भारी केला की फोटोही भारी होतो. वाटीभर दूध मोठ्या पातेल्यात ओतलं तर पातेलं भरल्यासारखं दिसत नाही, आणि दूध तर वाटीभरच राहतं. टिफ हे पातेलं आहे. १६०० बाय १२०० पिक्सेलचा फोटो जेपेगमध्ये अडीचशे केबीचा असतो. तोच कॉम्प्रेशन न करता टिफ केला की ५.७६ एमबी होतो, कारण आता प्रत्येक पिक्सेलचे तीन बाइट जसेच्या तसे लिहिले जातात. जेपेग करताना जो तपशील गेला, तो टिफमध्ये परत येत नाही.

आता ‘फाटतो’ म्हणजे काय ते पाहू, कारण प्रेसवाला चूक बोलत नाहीये. डीपीआय, म्हणजे कागदावरच्या एका इंचात किती पिक्सेल, हा फोटोचा स्वतःचा गुण नसतो. फोटोकडे असतात फक्त पिक्सेल, रंगाचे बारीक ठिपके. ते कागदावर किती इंचांत पसरवणार, त्यावर डीपीआय ठरतो. १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो ३०० ने भागा: ५.३ इंच. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो पानावर पाच इंच रुंद छापला तर चांगलाच छापला जाईल. तोच तुम्ही ए-फोरच्या पूर्ण पानावर ताणलात तर फाटेल, कारण ए-फोरला ३०० डीपीआयने २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. तेव्हा चारशे फोटोंना सरसकट नापास करू नका. प्रत्येक फोटो किती मोठा छापायचा आहे ते आधी ठरवा. आतल्या पानांवर तीन-तीन इंचांचे सहा फोटो लावणार असाल तर त्यातले बहुतेक आत्ताच चालतील.

३०० हा आकडाही दगडावरची रेघ नाही. ऑफसेटमध्ये फोटो बारीक ठिपक्यांच्या जाळीतून छापला जातो. आर्टपेपरवर, म्हणजे गुळगुळीत चकचकीत कागदावर, सहसा इंचाला १५० ओळींची जाळी वापरतात आणि तिच्या दुप्पट पिक्सेल दिले की काम निर्धोक होतं. तिथून हा ३०० आला. स्मरणिका मॅपलिथोवर, म्हणजे साध्या बिनचमकीच्या कागदावर असेल तर जाळी थोडी मोठी असते, १३३ च्या आसपास. तिथे २२० डीपीआयचा फोटोही मी निःशंकपणे सोडतो. त्यामुळे कागद कोणता, हे प्रेसला आजच विचारा. उत्तरावर तुमचे पन्नासएक फोटो वाचतील.

एक सापळा मात्र सांभाळा. फोटोशॉपमध्ये इमेज साइजच्या खिडकीत ७२ चं ३०० करताना ‘रीसॅम्पल’ची खूण चालू असेल, तर सॉफ्टवेअर मधले पिक्सेल अंदाजाने भरतं. आकडा ३०० दिसतो, फोटो मऊ आणि तुपकट होतो. खूण बंद असेल तर एकही पिक्सेल बदलत नाही, फक्त इंच कमी होतात, आणि तेच खरं चित्र आहे. फोटो सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर डीपीआयच्या रकान्याकडे बघू नका, पिक्सेलच्या रकान्याकडे बघा.

मोठे छापायचे जे तीसचाळीस फोटो असतील, मुखपृष्ठ, पहिली मूर्ती, विसर्जनाची मिरवणूक, ते मात्र पुन्हा मागवावे लागतील. व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवताना लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणतं आणि वर जेपेग पुन्हा दाबतं. एचडी निवडलं तर थोडं बरं. पण तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडला तर फाइल जशीच्या तशी येते. बारा मेगापिक्सेलचा मूळ फोटो ४०३२ बाय ३०२४ असतो, म्हणजे ३०० डीपीआयने तेरा इंचांहून मोठा. सगळ्यांच्या गटावर लांबलचक सूचना टाकून उपयोग होत नाही, हा माझा अनुभव. ज्यांचे फोटो मोठे छापायचे त्यांना एकेकाला फोन करा आणि ‘काका, पेपरक्लिपच्या खुणेवर जाऊन डॉक्युमेंट निवडा’ इथपर्यंत सांगत रहा. आणि तो फोटो त्यांनाही कुणी पाठवलेला असेल, तर आधी त्या ‘कुणी’चा पत्ता काढा. चौथ्या हाताने आलेला फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरी तो चौथ्या हाताचाच राहतो.

इथवरचं थोडक्यात: फोटोची ताकद पिक्सेलमध्ये, डीपीआय पानावरच्या मापातून, आणि मूळ फाइल मिळवणं हे कोणत्याही रूपांतरापेक्षा मोठं काम.

एचईआयसीचं आता. आयफोनने २०१७ पासून, आयओएस ११ बरोबर, फोटो या फॉरमॅटमध्ये साठवायला सुरुवात केली. जेपेगच्या साधारण निम्म्या जागेत तेवढाच चांगला फोटो मावतो. तेव्हा तुमच्या चारशेतल्या सगळ्यात दमदार फाइली बहुधा याच चाळीस आहेत, त्यांना वैतागून बाजूला सारू नका. विंडोजवर उघडण्यासाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून हाइफ आणि एचईव्हीसी अशी दोन एक्स्टेन्शन्स लागतात, त्यातलं दुसरं थोडे पैसे घेतं. पैसे न भरता करायचं तर गिंप किंवा एक्सएनकन्व्हर्ट थेट या फाइली उघडतात. चाळीसच्या चाळीस एकदम बदलायला एक्सएनकन्व्हर्ट सोयीचं. घरात कुणाकडे मॅक असेल तर त्यातलं प्रिव्ह्यूही हे काम करतं.

बदलताना तीन गोष्टी पाहा. पहिली, जेपेग करा आणि क्वालिटी ९५ ठेवा. दुसरी, ‘मेटाडेटा काढून टाका’ किंवा ‘कलर प्रोफाइल काढा’ अशी खूण असेल तर ती बंद ठेवा, किंवा प्रोफाइल (फाइलीतले आकडे म्हणजे नेमके कोणते रंग, हे सांगणारी नोंद) रीतसर एसआरजीबीमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या नेहमीच्या रंगपट्ट्यात, बदलून घ्या. आयफोनचे फोटो डिस्प्ले पी-थ्री या जास्त रुंद रंगपट्ट्यात असतात. प्रोफाइलची चिठ्ठी नुसती फाडून टाकली की पुढचं सॉफ्टवेअर ते आकडे एसआरजीबीचे समजतं आणि फोटो मलूल दिसतो. लोक म्हणतात ‘कन्व्हर्ट केल्यावर रंग उतरले’, ते बहुतेक वेळा यानेच. तिसरी, काही फोटो आडवे पडतील. फोन कसा धरला होता हे फाइलीतल्या एका नोंदीत लिहिलेलं असतं, ती न वाचता रूपांतर झालं की असं होतं. एक्सएनकन्व्हर्टमध्ये त्या नोंदीप्रमाणे फिरवण्याची क्रिया आहे, ती यादीत घाला.

तुम्ही लिहिलंय की दोनचार फाइलींचं नाव बदलून शेवटी जेपीजी लावून पाहिलं. त्याने आतलं काही बदलत नाही. प्रत्येक फॉरमॅट आपली ओळख फाइलीच्या अगदी सुरुवातीच्या बाइटांत लिहून ठेवतो, पीएनजीमध्ये तर ‘पीएनजी’ ही अक्षरंच असतात. नाव म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. तुमच्याकडे आलेल्या फोटोंतही कुणी असं केलेलं असू शकतं. इरफानव्ह्यूमध्ये अशी फाइल उघडली की ते स्वतःच सांगतं, नाव एक आहे आणि आत दुसरं आहे. विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ दाखवायची खूण आधी चालू करा, नाहीतर तुम्ही अंधारात काम करताय.

आता जेपेगबद्दल जरा सविस्तर, कारण तुमचं खरं नुकसान इथे होऊ शकतं. १९९२ पासूनचा हा फॉरमॅट फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातले डोळ्याला कमी जाणवणारे बारकावे टाकून देतो. उजेड-सावली बऱ्यापैकी जपतो, रंग मात्र बहुतेक वेळा अर्ध्या बारकाईनेच ठेवतो. एकदा केलं तर कळतही नाही. पण फाइल उघडली, थोडी कापली, सेव्ह केली, पुन्हा उघडली, उजेड वाढवला, सेव्ह केली, असं झालं की दर वेळी नव्याने काटछाट होते. कापल्यामुळे चौकोनांची जागाही सरकते, म्हणून जुन्या चौकोनांच्या खुणांवर नव्या चौकोनांच्या खुणा बसतात.

२००१ मध्ये एका कॅलेंडरसाठी देवीच्या चित्राचं काम माझ्याकडे होतं. चार दिवस रोज संध्याकाळी मी त्याच जेपेगवर सेव्ह करत गेलो. मशीन प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, आलं तेव्हा शालूच्या लाल काठाला पायऱ्या पडलेल्या, आणि त्याभोवती मळकट झाक. गडद लाल रंगाच्या कडेलाच हे आधी दिसतं, कारण रंगाचा बारकावा आधी जातो. ट्रान्सपरन्सी, म्हणजे चित्राची मूळ पारदर्शक फिल्म, पुन्हा ड्रम स्कॅनरवर लावावी लागली, दोन दिवस गेले आणि मालकांना तोंड दाखवणं जड झालं. तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे: हातात आलेलं जेपेग उघडायचं, काम सुरू करण्याआधीच ते टिफ किंवा पीएसडी (फोटोशॉपची स्वतःची फाइल) म्हणून सेव्ह करायचं, आणि काम संपेपर्यंत त्यातच रहायचं. टिफचा उपयोग इथे आहे. तुमच्या गणपतीच्या फोटोंत लाल मखमल, लाल शालू, जास्वंद भरपूर असणार, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

याचा दुसरा अर्थ असा की ज्या जेपेगला तुम्ही हातच लावणार नाही, तिला टिफ करण्याची गरज नाही. पानं लावणारी आजची सॉफ्टवेअरं जेपेग नीट घेतात. प्रेसने हट्टच धरला तर शेवटी, सगळं दुरुस्त झाल्यावर, एकदाच टिफ करा आणि एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन लावा. त्यात काही हरवत नाही आणि फाइल बरीच आटते.

पीएनजी आणि वेबपीही आले असतील. पीएनजी म्हणजे बहुधा स्क्रीनशॉट. कुणीतरी फेसबुकवरचा फोटो मोबाइलवर उघडून त्याचा स्क्रीनशॉट पाठवलेला असतो. तिथे मूळ मागणं हाच इलाज. पीएनजी स्वतः काही हरवत नाही, पण त्यात छपाईचे चार रंग, म्हणजे सीएमवायके, बसत नाहीत. आणि पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी जेपेग केली की मागे पांढरा किंवा काळा पट्टा येतो, कारण जेपेगला पारदर्शकता माहीतच नाही. वेबपी वेबसाइटवरून उतरवलेल्या असतात, गिंपमध्ये उघडा आणि पिक्सेल मोजा.

मंडळाचं बोधचिन्ह हा वेगळा विषय. ते फोटो म्हणून हाताळू नका. मंडळाची पावतीपुस्तकं, बॅनर जिथे छापले जातात त्यांच्याकडे त्याची कोरलड्रॉची फाइल असण्याची दाट शक्यता आहे. ती किंवा तिची पीडीएफ मागा, ती कितीही मोठी केली तरी फाटत नाही. फक्त ‘अक्षरं कर्व्ह करून द्या’, म्हणजे अक्षरांचं रेषांच्या चित्रात रूपांतर करून द्या, असं आवर्जून सांगा. बोधचिन्हातलं नाव श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल आणि तो फॉन्ट प्रेसच्या संगणकावर नसेल, तर मंडळाच्या नावाच्या जागी निरर्थक अक्षरांची रांग छापली जाईल. जुन्या पावतीवरून स्कॅन केलेलं जेपेगच हाती असेल तर कुणाकडून तरी ते पुन्हा आखून घ्या. सॉफ्टवेअरने आपोआप आखलं, म्हणजे ऑटो ट्रेस केलं, तर सोंडेचा बाक बिघडतो.

कागदावरचे जुने फोटो लोकांनी मोबाइलने टिपून पाठवले असतील, चमक आणि हाताची सावली आलेले. माझं ऐकाल तर त्यातले महत्त्वाचे फोटो एका रविवारी प्रत्यक्ष मागवा आणि साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर घ्या. पोस्टकार्ड आकाराचा फोटो ६०० डीपीआयला २४०० बाय ३६०० पिक्सेल देतो, पूर्ण पानाच्या गरजेइतका. पासपोर्ट आकाराचा असेल तर १२०० ठेवा. कृष्णधवल फोटोही रंगीत मोडमध्येच स्कॅन करा, पिवळेपणा आणि डाग नंतर वेगळे काढता येतात. सेव्ह टिफमध्ये. वर्तमानपत्राचं कात्रण असेल तर ‘डीस्क्रीन’ चालू करा, नाहीतर छापील ठिपके आणि नवी जाळी एकमेकांत गुंतून पानभर लाटा उमटतात. निगेटिव्ह सापडली तर ती आधी. ३५ मिमीची निगेटिव्ह २४०० डीपीआयला ३४०० पिक्सेलच्या आसपास देते, आणि ती प्रिंटसारखी फिकी झालेली नसते.

मुंबईच्या दमट हवेत चिकट पानांच्या अल्बममधले फोटो पानाला धरून बसतात. ते ओढू नका, अख्खं पान स्कॅनरवर ठेवा. काचेला चिकटलेला तसबिरीतला फोटोही काचेसकटच घ्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर महिनाभर लोक माझ्याकडे भिजून एकमेकांना चिकटलेले अल्बम घेऊन येत होते. ज्यांनी ओले असतानाच फोटो अलगद सुटे केले त्यांचे बरेच वाचले. ज्यांनी उन्हात वाळवून मग सोडवायला घेतले, त्यांच्या फोटोंवरचा चेहरा समोरच्या फोटोला चिकटून निघून आला. त्या कुटुंबांकडे दुसरी प्रत नव्हती. तुमच्या दारात येणाऱ्या अल्बमकडे मी त्या नजरेने पाहतो, म्हणून सांगतो: स्मरणिकेत छापणार नसलात तरी जो फोटो हाती आला तो स्कॅन करून त्या घराला त्याची फाइल द्या.

एआयने फोटो मोठा करणारी सॉफ्टवेअरं आहेत, त्याबद्दल कुणीतरी तुम्हाला सांगेलच. मखराचा, रोषणाईचा, गर्दीचा फोटो असेल तर वापरून पाहा. पण दिवंगत कार्यकर्त्यांच्या पानासाठी वापरू नका. नखाएवढ्या चेहऱ्यात नसलेले डोळे ते सॉफ्टवेअर कुठून आणणार? ते बेतीव डोळे बसवतं. फोटो लख्ख येतो आणि घरची माणसं म्हणतात, हे आमचे अण्णा नाहीत. छोटा छापा, पण खरा छापा.

रंगांचं रूपांतर, म्हणजे आरजीबीचं (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांचं) सीएमवायके, तुम्ही करू नका. कागद, शाई, मशीन यावर ते ठरतं आणि प्रेसकडे त्याची प्रोफाइल असते. आरजीबी फाइल प्रोफाइलसकट द्या. एवढं मात्र मनाशी धरून चला की स्क्रीनवर दिसणारा गुलालाचा गुलाबी आणि झेंडूचा तेजस्वी नारिंगी चार शाईंच्या छपाईत तसा येत नाही, कितीही चांगलं मशीन असो. म्हणून विसर्जनाच्या मिरवणुकीचं एक पान निवडून त्याचं प्रूफ आधी काढायला सांगा. ते पटलं की बाकीच्यांची काळजी नाही.

ऑनलाइन कन्व्हर्टरवर हे फोटो चढवू नका. लोकांनी घरातले, लहान मुलांचे फोटो तुमच्या भरवशावर दिले आहेत, आणि हे सगळं काम आपल्या संगणकावर इंटरनेटशिवाय होतं. सरसकट कामाला एक्सएनकन्व्हर्ट किंवा इरफानव्ह्यू, एकेका फोटोच्या दुरुस्तीला गिंप. घरच्या वापराला तिन्ही फुकट आहेत.

शेवटी फोल्डर. तीन करा: मूळ, काम, प्रेस. ‘मूळ’मध्ये आलेली फाइल जशी आली तशी, तिला कधीच सेव्ह करायचं नाही. ‘काम’मध्ये दुरुस्त होणाऱ्या टिफ. ‘प्रेस’मध्ये फक्त अंतिम. नावात आधी साल, मग कुणाकडून आला ते, मग क्रमांक. प्रेसला द्यायच्या फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत आणि मधे मोकळी जागा न सोडता ठेवा, जुन्या यंत्रणा देवनागरी नावावर अडतात. ‘मूळ’ची एक प्रत पेन ड्राइव्हवर करून दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा. आणि त्या रात्री जागून केलेल्या सव्वादोन जीबी टिफ, सगळी जेपेगं जागेवर आहेत ना हे एकदा मोजून पाहिल्यावर, पुसून टाका.